बारा कसोट्यांची कारकीर्द

२ नोव्हेंबर २०२५ चा अंतिम सामना आम्ही मेलबर्नमध्ये रात्रभर जागून पाहिला. नवी मुंबईत पाऊस आल्यामुळे खेळ दोन तास उशिरा सुरू झाला, तेव्हा आमच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते, आणि दीप्ती शर्माच्या चेंडूवर हरमनप्रीत कौरने शेवटचा झेल घेतला तेव्हा सोमवारची पहाट होऊन अंगणातले मॅगपाय पक्षी ओरडू लागले होते. सोफ्यावर पांघरूण घेऊन झोपलेल्या माझ्या बारा वर्षांच्या मुलीला शेवटच्या षटकांसाठी मी हलवून जागे केले. दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव झाला आणि भारतीय महिला संघाने पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. मी मिरजेला धाकट्या बहिणीला फोन लावला. तिथे मध्यरात्र उलटली होती. ती बराच वेळ काही बोललीच नाही आणि मलाही बोलवेना.

तासाभरात घरच्या व्हॉट्सॲप गटावर वाद सुरू झाला. पुण्याच्या चुलतभावाने लिहिले, "दादा, पोरी जिंकल्या, अभिमान आहेच. पण पुरुषांच्या क्रिकेटने कमावलेल्या पैशावर हे सगळे चालते, मग समान मानधनाचा आग्रह कशासाठी?" त्यावर एका वहिनीने उत्तर दिले की समान मानधन २०२२ मध्येच मिळाले आहे, आता विश्वचषकही आला, तेव्हा हा विषय मिटला. पुढच्या काही दिवसांत मराठी वर्तमानपत्रांतही मला हीच दोन टोके दिसली. एका बाजूला १९८३ शी तुलना आणि क्रिकेट मंडळाने जाहीर केलेल्या ५१ कोटींच्या बक्षिसाचे कौतुक होते, तर दुसऱ्या बाजूला हा पैसा नेमका कोणाच्या घामाचा, याची चौकशी. दोन्ही बाजू शिखरावरच्या पंधरा खेळाडूंना काय मिळते, यावरच भांडत आहेत असे मला प्रामाणिकपणे वाटते. त्या पंधरा जणींना आणि त्यांच्यामागे येणाऱ्या हजारो मुलींना वर्षभरात खेळायला सामने किती मिळतात, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो, आणि इथे राहून तो दरवर्षी अधिक ठळकपणे दिसू लागला आहे.

मिताली राजचेच पाहा. १९९९ मध्ये पदार्पण करून २०२२ मध्ये तिने निवृत्ती घेतली. एकदिवसीय सामन्यांत ७,८०५ धावा केल्या, एकोणिसाव्या वर्षी टाँटनला इंग्लंडविरुद्ध कसोटीत २१४ धावांची खेळी केली. एवढ्या दीर्घ कारकिर्दीत तिच्या वाट्याला कसोट्या आल्या बारा. झुलन गोस्वामीच्याही बाराच. ऑगस्ट २००६ मध्ये भारताने टाँटनला इंग्लंडला हरवले आणि पहिल्यांदाच तिथली कसोटी मालिका जिंकली. त्यानंतर पुढची कसोटी खेळायला मिळाली ती थेट ऑगस्ट २०१४ मध्ये, इंग्लंडमधल्या वर्म्सलीच्या मैदानावर. मधल्या आठ वर्षांत जवळजवळ एक पिढी बदलली होती, त्यामुळे अकरापैकी आठ जणी पदार्पण करत होत्या, आणि तरीही तो सामना भारताने जिंकला. नोव्हेंबर २०१४ मध्ये म्हैसूरला दक्षिण आफ्रिकेला हरवल्यानंतर पुन्हा साडेसहा वर्षे काहीच नाही. जिंकणाऱ्या संघाला पुढचा सामना देऊ नये, असे पुरुषांच्या क्रिकेटमध्ये कोणी सुचवले तरी केवढा गहजब होईल, याचा विचार करावा.

म्हणूनच सामन्यागणिक समान मानधनाच्या २०२२ च्या निर्णयाचे मी मनापासून स्वागत केले, पण त्याचे मोल सामन्यांच्या संख्येवर ठरते हेही तेव्हाच लक्षात आले. कसोटीला पंधरा लाख, एकदिवसीय सामन्याला सहा लाख आणि टी-ट्वेंटीला तीन लाख हे दर दोघांना सारखे झाले खरे, पण कसोटीच नसेल तर त्या पंधरा लाखांचा उपयोग काय? वार्षिक कराराची गोष्ट तर वेगळीच आहे. २०२४-२५ मध्ये महिलांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला पन्नास लाख होते आणि पुरुषांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला सात कोटी. हा फरक समर्थनीय आहे की नाही, यावर मतभेद असू शकतात. मात्र समानता आली, विषय मिटला, असे म्हणताना हे आकडे समोर असले पाहिजेत.

मी ऑस्ट्रेलियात राहतो, म्हणून इथले सगळे आदर्श आहे असे मुळीच मानत नाही. १९३४ मध्ये महिलांची पहिली कसोटी ब्रिस्बेनला झाली, तेव्हा इंग्लंडच्या खेळाडूंनी बोटीचे भाडे पदरमोड करून भरले होते. महिला आणि पुरुषांच्या राष्ट्रीय संघटना इथे एकत्र आल्या त्या २००३ मध्ये, म्हणजे भारतात महिलांचे क्रिकेट मंडळाकडे आले त्याच्या जेमतेम तीन वर्षे आधी. खेळाडूंच्या मानधनाच्या सामूहिक करारात महिलांना पहिल्यांदा स्थान मिळाले ते २०१७ मध्ये, आणि तेही बऱ्याच भांडणानंतर. मेलबर्न क्रिकेट मैदानावर १९४९ नंतर महिलांची कसोटी झाली ती थेट २०२५ च्या सुरुवातीला. दोन देशांमधले अंतर शतकाचे नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतो, कारण 'त्यांची संस्कृतीच वेगळी' असे म्हणून आपल्याकडे हा विषय फार लवकर बाजूला सारला जातो.

अंतर कुठे पडले, ते मला ८ मार्च २०२० ला त्याच मैदानावर दिसले. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात महिलांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना होता, ८६,१७४ प्रेक्षक आले होते आणि त्यांत निळे सदरे घातलेली आमची चार मराठी कुटुंबे होती. पहिल्याच षटकात अलिसा हीलीचा झेल शेफाली वर्माकडे गेला आणि सुटला. शेफाली तेव्हा सोळा वर्षांची होती. हीलीने पुढे ७५ धावा कुटल्या, बेथ मूनी ७८ वर नाबाद राहिली, आणि १८४ चा पाठलाग करताना शेफाली तिसऱ्याच चेंडूवर हीलीच्याच हातात झेल देऊन परतली. आपला संघ ९९ वर संपला. त्या मुलीची खाली गेलेली मान आम्हाला वरच्या मजल्यावरूनही दिसत होती. माझ्या शेजारी बसलेले एक वयस्कर ऑस्ट्रेलियन गृहस्थ म्हणाले की आमच्या मुली असे सामने दर उन्हाळ्यात खेळतात. त्यात बढाई नव्हती. इथली महिला बिग बॅश लीग २०१५ पासून आठ संघांनिशी सुरू होती. आपली पाच संघांची महिला प्रीमियर लीग त्या अंतिम सामन्यानंतर तीन वर्षांनी, २०२३ मध्ये आली.

आणि ती आल्यावर काय झाले? डिसेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईत इंग्लंडचा ३४७ धावांनी पराभव झाला आणि लगेच वानखेडेवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारतीय महिलांनी पहिली कसोटी जिंकली. २०२५ च्या विश्वचषकात सलग तीन सामने हरल्यानंतर उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग पूर्ण झाला. वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज, जिला त्याच स्पर्धेत एका सामन्यात वगळले होते, ती १२७ वर नाबाद राहिली. अंतिम सामन्यात ८७ धावा आणि दोन बळी घेणारी शेफालीच होती, आणि तिला संघात बोलावले होते प्रतिका रावल जखमी झाल्यावर, उपांत्य सामन्याच्या तोंडावर. मेलबर्नची ती खाली गेलेली मान आठवून मी त्या पहाटे रडलो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. मोठे सामने वारंवार खेळल्याशिवाय मोठ्या सामन्यात हात थरथरायचे थांबत नाहीत, हे कोणताही खेळाडू सांगेल.

चुलतभावाच्या प्रश्नालाही थेट उत्तर द्यायला हवे. पुरुषांच्या सामन्यांचे उत्पन्न इथेही कितीतरी अधिक आहे, आणि महिलांच्या क्रिकेटवर झालेला खर्च बराच काळ त्यातूनच आला. पण त्याला कोणी भीक समजत नाही, कारण एकाच खेळाच्या एकाच संस्थेचा तो पैसा आहे. आपल्याकडे महिला लीगचे पाच संघ ४,६६९.९९ कोटींना विकले गेले आणि पहिल्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ९५१ कोटींना. खेळ दाखवला, वेळेवर दाखवला, चांगल्या मैदानावर दाखवला, तर तो विकला जातो. २०१३ च्या विश्वचषकाचे यजमान आपणच होतो. मुंबईचा संघ रणजीच्या अंतिम फेरीत पोहोचला म्हणून वानखेडेवरचे विश्वचषकाचे सामने ब्रेबर्नवर हलवण्यात आले. स्वतःच्या घरी विश्वचषकालाच दुसरी जागा द्यायची आणि नंतर प्रेक्षक येत नाहीत म्हणायचे, हा न्याय नव्हे.

आपल्याकडे क्रिकेटच्या विक्रमांचे एवढे वेड आहे, तरी एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले आंतरराष्ट्रीय द्विशतक कुठे झाले, हे मुंबईच्या किती जणांना ठाऊक आहे? डिसेंबर १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या, त्या वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर. सचिनच्या द्विशतकाला त्यानंतर बारा वर्षे अवकाश होता. सिडनीच्या मैदानावर आज बेलिंडा क्लार्कचा पुतळा आहे.

माझी मुलगी इथल्या उपनगरातल्या एका छोट्या क्लबकडून खेळते. मैदान कौन्सिलचे, मधोमध सिमेंटवर हिरवी चटई घातलेली विकेट. गुणलेखन आणि पंचगिरी आई-बापांनी आळीपाळीने करायची. गेल्या हंगामात एका सकाळी आमच्या संघात फक्त सहा मुली आल्या, तर समोरच्या संघाने आपल्या दोघी क्षेत्ररक्षणाला दिल्या आणि खेळ सुरू झाला. प्रत्येक मुलीला गोलंदाजी करावीच लागते, मग तिचा चेंडू तीन टप्पे खात जाईना का. गुणवत्तेच्या दृष्टीने त्यात पाहण्यासारखे फार नसते, पण हंगामाचे वेळापत्रक आधीच हातात पडते आणि पाऊस सोडला तर त्यातला सामना रद्द होत नाही. माझ्या मुलीला क्रिकेट आवडते की नाही हे तिला अजून नीटसे ठरवता आलेले नाही, आणि ते ठरवायला तिला वर्षे मिळत आहेत.

माझ्या बहिणीला ती मिळाली नाहीत. ती आमच्या वाड्याच्या बोळात ऑफस्पिन टाकायची आणि आम्हा थोरल्या मुलांचे दांडके उडवायची. शाळेत विचारायला गेली तर सरांनी सांगितले की मुलींसाठी क्रिकेटचा संघ पाठवत नाहीत, खो-खोत ये. ती खो-खोत गेली आणि जिल्ह्याच्या संघापर्यंत पोहोचली. हे मी तक्रार म्हणून जितके सांगतो, तितकेच पुरावा म्हणून. मुलींना घरचे खेळू देत नाहीत, असे आपण सरसकट म्हणतो. पण त्याच घरांनी, त्याच गावांत, पिढ्यान्‌पिढ्या मुलींना संध्याकाळी खो-खोच्या मैदानावर पाठवले, बाहेरगावी स्पर्धांना पाठवले, कारण तिथे मंडळ होते, मार्गदर्शक होते, आणि वर्षभर स्पर्धा होत्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा विजेत्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राचीच होती. खेळाची घडी बसलेली असेल तर मुली येतात, हे महाराष्ट्राला ऑस्ट्रेलियाकडून शिकण्याची गरज नाही.

क्रिकेटमध्येही आपली सुरुवात मागची नव्हती. महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा १९७३ मध्ये पुण्यातच झाली होती. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी आणि मुंबईच्या डायना एडुलजी भारताकडून खेळल्या आणि कर्णधारही झाल्या. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाने २०१३ मध्ये महाराष्ट्राकडून नाबाद २२४ धावा केल्या, तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आणि २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कसोटीत शतक करणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. विश्वविजेत्या संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार मुंबईचे. माणसांची वानवा कधीच नव्हती.

मंडळाने २०२४ मध्ये महिलांची अनेक दिवसांची देशांतर्गत स्पर्धा पुण्यात पुन्हा सुरू केली, ती आधी काही वर्षे बंदच होती. विश्वचषकानंतर वरिष्ठ महिलांचे देशांतर्गत मानधन दिवसाला वीस हजारांवरून पन्नास हजार केले. ५१ कोटींच्या बक्षिसापेक्षा मला या दोन निर्णयांचे महत्त्व अधिक वाटते, आणि मायदेशातल्या चर्चेत त्यांचा उल्लेख मात्र ओळीभराचा असतो. त्याच्याही खालची पायरी जिल्ह्याची आहे. तिथे मैदाने पुरुषांच्या टेनिस बॉल स्पर्धांना सहज मिळतात, आणि मुलींच्या सरावाला सकाळी सहापूर्वीची वेळ मिळते, असे बहिणीकडून मी ऐकतो.

तिची मुलगी अकरा वर्षांची आहे. विश्वचषकानंतर तिने मिरजेहून सांगलीला सरावाला जायला सुरुवात केली, आठवड्यातून तीन दिवस, बसने, आईबरोबर. डिसेंबरात मी तिला इथून बॅट पाठवली. परवा फोनवर तिला विचारले की बॅट कशी आहे, तर ती म्हणाली, "मामा, नेटमध्ये छान लागते. मॅच अजून झाली नाही." पुढची कधी आहे, असे विचारले तर तिने फोन आईकडे दिला, आणि आईलाही तारीख माहीत नव्हती.