सुखाने व्यसनी राहायचं असेल तर

व्यसन सोडण्याचे सल्ले जागोजागी फुकट मिळतात. ते टिकवायचं कसं, हे मात्र कुणी नीट शिकवत नाही. जो तो आपापल्या अक्कलहुशारीने शिकतो आणि, खरं सांगायचं तर, बहुतेकांना ते झकास जमतं. तरीही नवशिक्यांची आबाळ होऊ नये म्हणून चार गोष्टी लिहून ठेवतो.

पहिलं काम, आपल्यापेक्षा वाईट माणूस शोधून ठेवणं. सिगारेट ओढणाऱ्याला दारू पिणारा सापडतो. रोज संध्याकाळी घेणाऱ्याला सकाळीच सुरुवात करणारा सापडतो आणि सकाळच्याला सुई टोचून घेणारा. जुगाऱ्याला तर शोधायचीही गरज नाही. त्याच्या तोंडाला वास येत नाही, तोल जात नाही, चारचौघांत तो निर्व्यसनीच असतो. झोपेच्या गोळीशिवाय ज्याचा डोळा लागत नाही, त्याच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी असते, मग ती कितीही जुनी असो. या उतरंडीत जो सगळ्यात खाली आहे, त्यानेही निराश होऊ नये. "तो तर मेला, मी निदान हिंडतोफिरतो आहे," हे वाक्य त्याच्यासाठीच राखून ठेवलेलं आहे.

आता थोडं शास्त्र. १९५४ साली जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या आणि समोर एक दांडी ठेवली. दांडी दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा हलका झटका मिळे. उंदीर दांडी दाबत सुटले. पुढच्या प्रयोगांत तर काही उंदीर तासाला हजारो वेळा ती दाबत राहिले, अन्न बाजूला तसंच पडलेलं. बघणाऱ्यांना वाटलं, केवढं सुख होत असेल! नंतर केंट बेरिज यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवून दिलं की एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणं आणि ती आवडणं, हे मेंदूतले दोन वेगळे कारभार आहेत. डोपामिन हे मेंदूतलं रसायन मुख्यतः पहिल्या कारभारात असतं. म्हणून मजा आटत जाते, तलफ मात्र वाढत जाते. दिवसातली विसावी सिगारेट क्वचितच कुणाला आवडत असेल. ती ओढावी लागते. तुम्ही मात्र "मला आवडतं म्हणून ओढतो" असंच म्हणत राहा. त्यात रुबाब आहे.

झुरक्यातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. सिगारेटने डोकं शांत होतं, असं तुम्ही म्हणता तेही खोटं नाही. फक्त डोकं बिघडलेलं असतं ते बरेचदा आधीच्या सिगारेटचा अंमल उतरल्यामुळे. स्वतःच आग लावून स्वतःच विझवायला येणारा असा तत्पर बंब दुसरा मिळायचा नाही, तेव्हा त्याचे आभार माना. कुणी आकडे तोंडावर फेकले तर डगमगू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने तंबाखूमुळे दरवर्षी ७० लाखांहून जास्त माणसं मरतात, त्यात दहा लाखांहून जास्त स्वतः न ओढणारी असतात. पण तुम्ही तर खिडकीत उभं राहून ओढता. धुराला खिडकी दाखवली की तो शिस्तीत बाहेर जातो, अशी श्रद्धा असू द्या.

दारूचा अभ्यासक्रम मोठा आहे आणि त्यात नियमांना फार महत्त्व. नियम असल्याशिवाय तो मोडल्याची चुटपुट लागत नाही आणि चुटपुट लागल्याशिवाय पुढचा पेला भरायला निमित्त मिळत नाही. फक्त शनिवारी, असं ठरवा. शुक्रवारची संध्याकाळ ही शनिवारचीच पूर्वतयारी धरा. सातच्या आधी घ्यायची नाही, असंही ठरवा. मग सहा ते सात घड्याळाकडे बघत काढलेल्या त्या तासाला संयम म्हणा. घरच्यांनी बाटलीवर पेनाने खूण केली असेल, तर खुणेपर्यंत पाणी भरून ठेवा. दोन-चार वेळा असं केलं की बाटलीतला रंग इतका फिका होतो की पाहुण्यापुढे ठेवायची सोय राहत नाही. सकाळी कप दोन्ही हातांनी धरा. कुणी बघितलंच तर थंडी वाजते म्हणा. उन्हाळ्यात दुसरं काहीतरी सुचेल. आणि पूर्वीइतकी चढत नाही, याचा अभिमान जरूर बाळगा. तेवढ्यात भागेनासं होणं हे व्यसनाचं ठळक लक्षण आहे, हे डॉक्टरांचं मत. मित्रमंडळी त्याला ताकद म्हणतात आणि टाळ्या मित्रमंडळीच वाजवतात.

यकृतासारखा सोशिक अवयव नाही. त्यात चरबी साचू लागते तेव्हा ते सहसा चकार शब्द काढत नाही. त्या टप्प्यावर दारू थांबवली तर ते बहुधा पूर्ववत होतं, म्हणून नेमकी त्याच सुमारास तपासणी टाळा. सिरॉसिसपर्यंत, म्हणजे यकृत निबर होण्यापर्यंत, पोचलात की परतीची वाट जवळजवळ बंद होते आणि निर्णय घेण्याची कटकटही मिटते. जे आणखी चिकाटी दाखवतात, त्यांच्यातल्या काहींना कोर्साकॉफचा आजार होतो. वर्षानुवर्षांची दारू आणि खाण्यापिण्याची हेळसांड यामुळे शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व आटतं. मग नवीन काही लक्षात राहत नाही आणि आठवणींतली भगदाडं माणूस मनाच्या गोष्टींनी भरून काढतो. त्याला स्वतःला त्या खऱ्याच वाटतात. इतकी वर्षं सबबी मेहनतीने रचाव्या लागत होत्या. आता त्या आपोआप तयार होतात.

जुगाराचं मर्म एका अनिश्चिततेत आहे. दर डावाला जिंकलात तर कंटाळाल, दर डावाला हरलात तर उठून जाल. कधीतरी, न सांगता जिंकायला मिळतं म्हणूनच माणूस बसून राहतो. त्यात "थोडक्यात हुकलं" याची गंमत वेगळीच. हार ती हारच, पण मेंदूचं बक्षिसाचं खातं अशा हुकलेल्या डावालाही जिंकल्यासारखी दाद देतं. तुम्ही फक्त "गेलेले वसूल झाले की थांबतो" एवढं घोकत राहा. वसूल होत नाहीत, त्यामुळे थांबायचा प्रसंगही येत नाही.

फोनवाल्यांनी २००६ साल लक्षात ठेवावं. त्या वर्षी ॲझा रास्किन या संगणक-रचनाकारांनी पडद्यावर कितीही सरकवलं तरी न संपणारं, तळ नसलेलं पान रचलं. पान संपलं की माणूस क्षणभर थांबायचा आणि त्या क्षणात उठायचा. तो क्षणच काढून टाकला. रास्किन यांनी पुढे त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. तो खेदही अनेकांनी अंगठ्याने वर सरकवला असेल. आता रात्री दोन वाजता, उशी भिंतीला टेकवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर तुम्ही जे बघत असता, ते उद्या सकाळी आठवणार नाही याची खात्री असते. म्हणून उद्या पुन्हा बघता येतं. व्हिडिओ गेमच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत स्थान आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात काय बघायला सांगितलंय? खेळण्यावरचा ताबा सुटला का, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा झाला का, नुकसान दिसत असूनही तो चालूच आहे का, आणि हे साधारण वर्षभर चाललंय का. नुसते तास मोजून निदान होत नाही. तेव्हा तुम्ही नुसते तासच मोजा, आणि तेही मुलांचे.

एका व्यसनाचा कंटाळा आला तर त्यावर दुसऱ्याचा उतारा घ्या. या उपायाला थोरामोठ्यांचा आधार आहे. १८८४ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी मॉर्फिन या अफूपासून केलेल्या वेदनाशामकाच्या व्यसनावर कोकेनची शिफारस केली. मॉर्फिनच्या आहारी गेलेले त्यांचे मित्र फ्लाइश्ल-मार्क्सो यांनी ती मनावर घेतली आणि ते आगीतून फुफाट्यात गेले. १८९१ मध्ये वारले. पुढे १८९८ मध्ये खोकल्यावरचं एक नवं औषध बाजारात आलं. मॉर्फिनसारखी याची सवय लागत नाही, असा त्याचा लौकिक होता. त्याचं नाव हेरॉइन.

घरच्यांनाही कामाला लावा. तुमच्या वतीने ऑफिसात फोन करून "पोट बिघडलंय" असं सांगणारं कुणीतरी हवं, उधारी गुपचूप फेडणारं कुणीतरी हवं आणि "तसा स्वभावाने फार चांगला आहे" म्हणणारं तर हवंच हवं. मुलांना काही सांगावं लागत नाही. कुलपात किल्ली पहिल्या फटक्यात फिरते की खरवडत राहते, यावरून आजची रात्र कशी जाणार हे त्यांना कळतं. वही मिटून ती आतल्या खोलीत जातात. याला तुम्ही घरातली शिस्त म्हणू शकता.

राहता राहिलं सोडणं. सोडल्याशिवाय "मी कधीही सोडू शकतो" हे सिद्ध कसं होणार? तेव्हा अधूनमधून सोडत चला, पण शपथेवर, तिरीमिरीत आणि डॉक्टरांना न विचारता. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर दोन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणूनच हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं असतं, त्यासाठी औषधं असतात. निकोटिनच्या पट्ट्या असतात, अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावरही औषधं आहेत. ही माहिती शक्यतो कानावर पडू देऊ नका. नाहीतर सोडणं खरंच जमायचं.

आणि मधेच घसरलात तर उत्तम. उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात. रक्तदाबाच्या किंवा दम्याच्या रुग्णांमध्येही आजार साधारण याच प्रमाणात उलटतो. तिथे डॉक्टर गोळी बदलतात, "पुढच्या आठवड्यात या" म्हणतात. तुम्ही मात्र एका झुरक्यानंतर स्वतःला नालायक ठरवा आणि नालायकाला शोभेल असं उरलेलं पाकीट संपवा. समुपदेशक विचारतील, कुठे होता, बरोबर कोण होतं, त्याआधी मनात काय चाललं होतं? चुकूनही खरं उत्तर देऊ नका. त्या उत्तरावरून पुढच्या वेळचा बंदोबस्त करता येतो. मान खाली घाला, सोमवारपासून नक्की म्हणा, आणि पुढची भेट मंगळवारनंतरची मागून घ्या.