रेफ्रीच्या हाताकडे बघू नका

फुटबॉलमधल्या फ्री किकचे, म्हणजे समोरच्याने नियम मोडला की मिळणाऱ्या किकचे, नियम समजून घ्यायचं तुमच्या मनात आलं असेल, तर वेळीच सावरा. ज्यांनी ते समजून घेतले त्यांचे हाल मी जवळून पाहिले आहेत. सगळे तावातावाने ओरडत असताना ही माणसं गप्प बसतात, कारण शिट्टी बरोबर वाजली हे त्यांना कळलेलं असतं. मॅच काय अशी बघायची असते?

तेव्हा पहिलं पथ्य हे, की फ्री किक मिळाल्यावर कुठेही बघा, रेफ्रीच्या हाताकडे मात्र बघू नका. सगळं गुपित तिथेच उघडं पडलेलं असतं. हात डोक्यावर उभा धरलाय, म्हणजे किक इनडायरेक्ट. बॉल आणखी कुणाला तरी लागल्याशिवाय गोल नाही. हे मी एकदाही न बघता वर्षानुवर्षं सुखात काढली. एकदा असाच बॉल थेट जाळ्यात गेला. मी खुर्चीवरून उडालो, शेजारच्या अनोळखी गृहस्थांना मिठी मारली, गोलकीपर जागचा हलला नाही म्हणून त्याला बावळटही म्हणालो. गोल झालाच नव्हता; तो बावळट शांतपणे आपल्या संघाला मिळालेल्या गोल किकसाठी बॉल ठेवत होता. मिठी सोडवताना जी पंचाईत झाली, ती सोडली तर बाकी आनंद खराच होता ना?

उलट रेफ्रीच हात वर करायला विसरला आणि बॉल थेट आत गेला, तर किक पुन्हा घेतात. एवढं लक्षात ठेवण्यापेक्षा ‘रेफ्री विकला गेलाय’ हे वाक्य सुटसुटीत, शिवाय दोन्ही वेळा चालतं.

आणि शिकून तरी उपयोग काय? गोलकीपरने बॉल सहा सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर इनडायरेक्ट फ्री किक, हे ज्यांनी घोकून ठेवलं त्यांच्या तोंडाला 2025 मध्ये पानं पुसली गेली. आता आठ सेकंद, आणि शिक्षा म्हणजे समोरच्या संघाला कॉर्नर, मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक. आपण काही शिकलोच नव्हतो, त्यामुळे आपलं काही विसरायचं राहिलं नाही.

तुम्ही स्वतः खेळत असाल तर भिंतीचं, म्हणजे फ्री किक अडवायला खांद्याला खांदा लावून उभ्या राहणाऱ्या खेळाडूंच्या रांगेचं, शास्त्र शिका. नियम म्हणतो 9.15 मीटर लांब राहा. तुम्ही बॉलसमोर दोन पावलांवर उभे राहा, बुटाची नाडी सोडा, पुन्हा बांधा. रेफ्रीने मागे ढकललं की छातीवर हात ठेवून ‘मी?’ असा चेहरा करा. 2014 च्या विश्वचषकात रेफ्री पांढऱ्या फेसाचा फवारा घेऊन आले आणि गवतावर रेघ ओढू लागले. मोठ्या माणसांना रेघ आखून ‘इथेच उभं राहायचं’ सांगावं लागतं, यातच सगळं आलं. पण फेस थोड्या वेळाने विरतो. तुम्ही धीर धरा.

कुणी फारच नियम सांगू लागलं, तर 1974 सालची गोष्ट काढा. विश्वचषकात झाईरविरुद्ध (आफ्रिकेतला हा देश म्हणजे आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक) ब्राझीलला फ्री किक मिळाली. ब्राझीलने किक मारायच्या आतच झाईरचा इलुंगा म्वेपू भिंतीतून सुसाट निघाला आणि बॉल लाथ मारून लांब भिरकावून दिला. त्याला पिवळं कार्ड मिळालं आणि जग अजून हसतंय, ‘बिचाऱ्याला नियमच माहीत नव्हता!’ म्वेपूने पुढे सांगितलं की नियम त्याला पक्का ठाऊक होता, ते त्याने मुद्दाम केलं. तुम्ही हा दुसरा भाग गाळा. त्याच्या अज्ञानावर हसणाऱ्यांपैकी किती जणांना फ्री किकवरही ऑफसाईड लागतो हे ठाऊक आहे, असंही विचारू नका. किंवा स्वतःच्याच गोलमध्ये थेट फ्री किक घातली तर गोल न होता समोरच्याला कॉर्नर मिळतो, हे. उगाच चर्चेला खोली येते.

एवढी पथ्यं पाळलीत तर तुम्हाला धोका फक्त लहान मुलांचा. परवाच शेजारी बसलेल्या एका आठ-नऊ वर्षांच्या पोराने विचारलं, ‘काका, रेफ्रीने हात वर का धरलाय?’

‘घाम वाळवतोय,’ मी म्हणालो.

बॉल एकाच्या डोक्याला घासून गेला, तसा हात खाली आला. पोरगं एकदा त्या हाताकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होतं.

‘वाळला वाटतं,’ ते म्हणालं.