एचआयव्ही असला तर कॉक्लियर इम्प्लांट होत नाही? चुकीचं आहे हे
एक मेसेज फिरतोय की एचआयव्ही असलेल्यांना कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र) बसवताच येत नाही, जखम चिघळते म्हणे. असं काही नाहीये. नुसता एचआयव्ही आहे म्हणून ऑपरेशन नाकारायचं कारण नाही, औषधं नीट चालू असतील, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला असेल आणि सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) बरा असेल तर इम्प्लांट करता येतं आणि केलेलीही आहेत. सीडी४ फारच खाली असेल तर डॉक्टर आधी तो वर आणायला बघतात, तेवढंच.

खरा प्रश्न वेगळाच असतो, ऐकू येणं गेलं कशामुळे? टीबीसाठी दिलेल्या अमिकासिनसारख्या इंजेक्शननी कानाच्या आतल्या केसपेशी मेल्या असतील तर इम्प्लांट त्यांना वगळून थेट ऐकण्याच्या नसेला सिग्नल देतं, म्हणून फायदा चांगला होऊ शकतो. पण क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिसमध्ये (बुरशीमुळे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) नसच दुखावलेली असू शकते, मग रिझल्टची खात्री कमी. आणि बॅक्टेरियाच्या मेनिंजायटिसनंतर कॉक्लियात (आतल्या कानाचा शंखासारखा भाग) हाड भरायला लागतं, तिथे उशीर अजिबात नको (हे मेसेजवाल्यांनी लिहिलं असतं तर उपयोग तरी झाला असता). न्यूमोकॉकलची (मेनिंजायटिस करू शकणारा एक बॅक्टेरिया) लस मात्र इम्प्लांट घेणाऱ्या सगळ्यांनाच लागते, एचआयव्ही असो वा नसो.