बारावीनंतरच्या अनिश्चिततेचा खर्च कोणी सोसायचा?

बारावीचे निकाल लागले की महाराष्ट्रात एक वाद दरवर्षी नव्याने सुरू होतो. एका बाजूचे म्हणणे असे की, पुढे काय करायचे हे ज्या मुलाला सांगता येत नाही त्याला वेळेवर मार्गदर्शन मिळालेले नसते. दहावीलाच कल तपासावा, समुपदेशकाकडे न्यावे, म्हणजे गोंधळ उरणार नाही. याच विचारातून राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतलीही होती. दुसरी बाजू म्हणते की, हल्ली पर्यायच फार झाले आहेत, पूर्वी घरचे सांगतील तो अर्ज भरला जाई आणि सगळ्यांचे नीट निभावले. जर्मनीत राहून हा वाद गेली बरीच वर्षे मी वाचत आले आहे, आणि दोन्ही पक्षांचे मूळ गृहीतक एकच आहे असे मला दिसते: अठराव्या वर्षी निश्चय नसणे हे कोणाचे तरी चुकल्याचे लक्षण आहे. मला ते पटत नाही. त्या वयात बहुतेकांना काही ठरवता येत नाही, हे मान्य करून चालावे आणि मग त्या न ठरण्याचा खर्च कोण सोसतो, ते पाहावे.

इथली मुले आपल्याकडच्या मुलांपेक्षा अधिक ठाम असतात, असे कोणी समजू नये. बारावीच्या तोडीची आबिटुअर ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, माझ्या सहकाऱ्यांच्या मुलांना विचारले तर ‘अजून ठरलेले नाही’ हेच उत्तर सर्रास मिळते, आणि विद्यापीठात गेलेल्यांपैकीही अनेकजण पहिली पदवी पूर्ण न करता बाहेर पडतात. मात्र या न ठरलेल्या काळासाठी इथे एक ओळखीची, कायद्याने आखलेली जागा आहे. १९६४ साली कायद्याने सुरू झालेल्या या व्यवस्थेत आता सत्तावीस वर्षांखालील तरुणांना रुग्णालय, वृद्धाश्रम, बालवाडी किंवा अपंगांसाठीच्या संस्थेत साधारण एक वर्ष स्वयंसेवा करता येते. या वर्षात थोडा हातखर्च मिळतो, विम्याचे हप्ते संस्था भरते, अधूनमधून प्रशिक्षणाचे दिवस असतात, आणि मुलांसाठी आईवडिलांना सरकारकडून मिळणारा मासिक भत्ता या काळातही, वयाच्या पंचविशीपर्यंत, चालू राहतो. वर्षाअखेरीस एखादी मुलगी परिचर्येचे शिक्षण घ्यायचे ठरवते, तर दुसरी हे काम आपले नव्हे एवढेच पक्के करून परतते. पुढे नोकरीच्या अर्जात दोघींचेही वर्ष सारख्याच सहजतेने लिहिले जाते आणि वाचले जाते.

व्यवसाय शिक्षणाची व्यवस्था मला याहून बोलकी वाटते. त्यात विद्यार्थी आठवड्यातले बहुतेक दिवस एखाद्या कारखान्यात, बँकेत किंवा कार्यालयात काम करीत शिकतो, एकदोन दिवस व्यवसाय शाळेत जातो, आणि दोन ते साडेतीन वर्षांच्या या काळात त्याला पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन मिळते. सुरुवातीचे एक ते चार महिने परिवीक्षेचे, म्हणजे एकमेकांना पारखून पाहण्याचे, असतात. त्यात कारण न देता, पूर्वसूचनाही न देता, दोघांपैकी कोणालाही करार मोडता येतो. परिवीक्षा संपल्यावर मालकाला विद्यार्थ्याला काढणे अवघड होते, परंतु विद्यार्थ्याला चार आठवड्यांची सूचना देऊन बाहेर पडता येते, आणि त्यासाठी कायद्याने मानलेल्या कारणांत ‘दुसऱ्या व्यवसायाचे शिक्षण घ्यायचे आहे’ हे एक कारण स्पष्टपणे नमूद केलेले आहे. तरुण माणसाचे मन बदलेल, ही गोष्ट कायदा लिहिणाऱ्यांनी आधीच धरून चालली होती. आपल्याकडे हीच गोष्ट घरात कळली की ती नातेवाइकांपासून लपवावी लागते.

एवढे सांगून थांबले, तर परदेशातून मायदेशाला उपदेश करणाऱ्यांत माझीही भर पडेल. अठराव्या वर्षी दिसणाऱ्या या मोकळेपणाच्या आधी इथे एक कठोर चाळणी लागलेली असते. बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे मूल दहा वर्षांचे असताना, ते विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जाईल की दुसऱ्या प्रकारच्या, हे बरेचसे ठरते; बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग येथे हा निर्णय सहावीनंतर होतो. वाट पुढे बदलता येते, पण ती बदलण्यासाठी घरात जर्मन भाषा आणि व्यवस्थेची माहिती, दोन्ही लागतात, आणि स्थलांतरितांच्या घरांत नेमकी त्यांचीच चणचण असते. इथे स्थायिक झालेले मराठी आईबाप तिसरी-चौथीच्या गुणांवरून जेवढे अस्वस्थ होतात, तेवढे त्यांचे पालक त्यांच्या बारावीला झाले नसतील. तेव्हा दहावीपर्यंत सगळ्यांना एकाच वर्गात बसवणारी आपली पद्धत या बाबतीत अधिक न्याय्य आहे, आणि ‘जर्मनीसारखे लवकर वेगळे करा’ अशी जी मागणी अधूनमधून होते, ती मला धोक्याची वाटते.

पण मग आपल्याकडे खर्च कोण सोसतो? जवळजवळ पूर्णपणे घर. आणि घराने सोसायचा म्हटल्यावर तो कशासाठी सोसावा याचे नियमही समाजाने ठरवून टाकले आहेत. ‘नीट’साठी ‘ड्रॉप’ घेणाऱ्या मुलाकडे कोणी संशयाने पाहत नाही. त्याच्यासाठी रिपीटरच्या वेगळ्या तुकड्या असतात, खोल्या भाड्याने घेतल्या जातात, कर्जेही काढली जातात. २०२४ साली या परीक्षेला सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली, आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत होत्या. म्हणजे यांतल्या बहुतेकांची वर्षे त्या जागेशिवायच संपणार, हे गणित सगळ्यांना माहीत असते. तरीही ते वर्ष सन्माननीय ठरते, कारण त्यात उत्तर आधीच ठरलेले असते. ज्याला उत्तर शोधायचे आहे त्याने मात्र एक वर्ष मागितले, तर तो आळशी किंवा श्रीमंताघरचा ठरतो. एरवी एकमेकांशी भांडणाऱ्या सगळ्याच पक्षांचे यावर एकमत असते, आणि मला तेच सर्वांत खटकते.

या सामाजिक संशयाला कागदाचीही जोड आहे. शिक्षणात खंड पडलेल्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी तो काळ कसा घालवला याचे प्रतिज्ञापत्र मागितले जाते. मागण्यामागे काही प्रशासकीय कारण असेलही, परंतु अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने कार्यालयात उभे राहून आपण काही गैर केलेले नाही असे शपथेवर सांगावे, हा अनुभव त्याला त्या वर्षाविषयी काय शिकवतो, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. ज्याच्या घरी एका वर्षाचा खर्च झेपतो तो हा कागद करून पुढे जातो. ज्याच्या घरी झेपत नाही तो जूनमध्ये मिळेल त्या शाखेत नाव घालतो, आणि मन लागले नाही तरी तिथेच तीन वर्षे काढतो. त्याच्या अनिश्चिततेचा खर्च संपत नाही, तो फक्त शुल्काच्या पावत्यांत दिसेनासा होतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची आणि पुन्हा परतण्याची सोय दिली. तिच्यावर होणारी टीका, म्हणजे यामुळे गरीब मुलांची गळतीच अधिकृत होईल ही भीती, मला रास्त वाटते. बाहेर पडण्याचे दार उघडे ठेवले, पण बाहेर पडल्यावर उभे राहायला जागा दिली नाही, तर त्या दाराचा लाभ ज्यांच्याकडे आधीच जागा आहे त्यांनाच होतो.

जागा देता येणारच नाही, असे मात्र नाही. २०२४ साली राज्य सरकारने आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठेवले होते. म्हणजे तरुणाच्या कामाच्या अनुभवासाठी सरकारी तिजोरीतून पैसे देण्याचे तत्त्व राज्याने मान्य केलेले आहे. अडचण ही की योजना बेरोजगारीवरचा उपाय म्हणून आखली गेली, शिक्षण चालू असलेल्यांना तिच्यातून वगळले गेले, आणि मुदत संपल्यावर प्रशिक्षणार्थी कायम नोकरीच्या मागणीसाठी आंदोलनाला उतरले. ते स्वाभाविकच होते, कारण त्या महिन्यांना पुढच्या शिक्षणाशी जोडणारी वाट त्यांच्यासमोर नव्हती.

ती वाट काढण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात कामाच्या अनुभवालाही श्रेयांक, म्हणजे शिक्षणात मोजली जाणारी क्रेडिट, देण्याची तरतूद आहे. बारावीनंतरच्या मुलांसाठी ग्रामीण रुग्णालय, ग्रंथालय, पंचायत किंवा लहान कारखाना येथे सहा ते अकरा महिन्यांची, विद्यावेतनाची आणि विम्याची एक जागा ठेवावी, त्या कामाचे श्रेयांक विद्यापीठांनी पदवीत धरावेत, आणि अशा विद्यार्थ्याकडून खंडाचे प्रतिज्ञापत्र मागू नये. सुरुवात एखाद्या विद्यापीठाने आपल्या जिल्ह्यांपुरती केली तरी पुरे आहे. पुढच्या जूनमध्ये जो वाद होईल त्यात कलचाचणीपेक्षा या मागणीवर अधिक बोलले जावे, असे मला वाटते.