वाळूजची नोकरी की औशातले दुकान : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपल्या प्रतिक्रियेचा रोख स्पष्ट आहे. स्वतः सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्या माझ्यासारख्या आयटीआयच्या निदेशकाने दुसऱ्यांच्या मुलांना नोकरी सोडून मोटर रिवाइंडिंगचे, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार भरून देण्याचे, दुकान टाकण्याचा सल्ला लेखातून देऊ नये, असे आपण म्हणता. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लागलेला आपला पुतण्या माझा तो लेख वाचल्यापासून लातूर जिल्ह्यातल्या औशाला परतण्याच्या गोष्टी करतो आहे, हेही आपण कळवले आहे.

निवृत्तिवेतनाचे आधी सांगतो. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सरकारी सेवेत लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन मिळते आणि मी त्यांपैकी एक आहे. परंतु ती नोकरी आपल्या पुतण्यापुढे कधी आलेलीच नाही. आपणच लिहिल्याप्रमाणे तो ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहे आणि दर काही महिन्यांनी त्याला ब्रेक मिळतो, म्हणजे काही काळ कामावरून कमी केले जाते. त्यामुळे दुकानाची तुलना करायची ती या नोकरीशी, माझ्या नोकरीशी नव्हे.

या नोकरीतही काही नाही, असे मी म्हणत नाही. ईएसआयसी या कामगार विमा योजनेसाठी पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि त्या बदल्यात उपचार तर मिळतातच, शिवाय आवश्यक वर्गणी भरलेली असल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सुमारे ७० टक्के वेतनही मिळते. रिवाइंडरचा हात मोडला तर त्या दिवसापासून दुकान बंद. आपल्या साऱ्या आक्षेपांत हाच मला सर्वांत वजनदार वाटतो. पीएफचा आधार मात्र आपण समजता तेवढा भक्कम नाही, कारण त्यातील निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते आणि किमान निवृत्तिवेतन आहे महिना १००० रुपये.

'दुकानात उधारीशिवाय काय आहे?' या आपल्या प्रश्नाला मात्र सविस्तर उत्तर द्यायला हवे. बोअरचे पाणी खाली गेले, पाणबुडी मोटर कोरडी चालली किंवा एक फेज गेला की मोटर जळते, आणि शेतकरी ती घेऊन येतो तेव्हा उभे पीक वाळत असते. त्या क्षणी त्याला नाही म्हणणे कठीण, हे आपणही जाणता. पण रिवाइंडरला तांब्याची तार रोखीने घ्यावी लागते आणि शेतकऱ्याचा पैसा सोयाबीन बाजारात गेल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो. मार्चमध्ये घातलेली तार ऑक्टोबरपर्यंत वहीत पडून राहते. जळक्या तारेच्या मोडीतून थोडी भरपाई होते, एवढेच. माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांची दुकाने टिकली, ते तारेचे पैसे आधी घेत आणि फक्त मजुरी उधार ठेवत. ज्यांना नातलगांपुढे आणि गाववाल्यांपुढे एवढे बोलणे जमले नाही, त्यांची दुकाने बुडाली, मग हात कितीही सफाईचा असो. आपल्या पुतण्याचा स्वभाव भिडस्त असेल, तर त्याने वाळूजलाच राहावे, असे मी निःसंकोच सांगतो.

दुष्काळात तर कामच आटते. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी कोरड्या बोअरमधली मोटर दुरुस्त करून घ्यायला कोण येणार होते? आता सौर कृषिपंपांचीही भर पडली आहे, कारण त्यांच्या देखभालीची पहिली काही वर्षांची जबाबदारी पुरवठादारावर असते. विश्वकर्मा योजनेतून स्वस्त कर्ज मिळेल, असे पुतण्याला कोणी सांगितले असल्यास त्या भरवशावर राहू नये, कारण त्या योजनेतील १८ व्यवसायांत सुतार, लोहार, गवंडी आहेत, पण रिवाइंडर किंवा वायरमन नाही.

'दुकानदाराला मुलगी कोण देणार?' याचे उत्तर माझ्यापाशी नाही. ठेकेदाराकडची नोकरी मात्र सोयरिकीच्या बैठकीत 'मुलगा कंपनीत आहे' एवढ्यावर खपून जाते, हे मी पाहिले आहे.

पुतण्याने आज राजीनामा देऊ नये. पुढचा ब्रेक मिळेल तेव्हा त्याने लातूरच्या किंवा औशातल्या एखाद्या जुन्या रिवाइंडरकडे बसावे आणि कामापेक्षा गल्ल्यावरचे बोलणे अधिक ऐकावे. त्यानंतरही विचार कायम राहिला, तर अपघात आणि आजारपणाची सोय कशी करायची, याचा हिशेब आपण दोघांनी मिळून मांडावा, कारण त्या बाबतीत मीही आपल्याइतकाच साशंक आहे.