नऊशे वॉटची पोळी

आमच्या पोळ्यांच्या मावशी शिमग्याला गावी गेल्या की गोरेगावच्या आमच्या वन-बीएचकेत आणीबाणी लागू होते. यंदा जाताना त्या "पंधरा दिवसांत येते" म्हणाल्या. कोकणातले पंधरा दिवस सहज महिनाभर चालतात, हे अनुभवाने ठाऊक होतं. म्हणून त्याच रविवारी पार्ल्याच्या एका प्रदर्शनातून मी ऑटोमॅटिक रोटी मेकर उचलून आणला.

प्रात्यक्षिक दाखवणारा मुलगा भलताच चपळ होता. गोळा ठेवला, झाकण दाबलं, उघडलं, पोळी टम्म! "पोळपाट नको, लाटणं नको, अक्कल नको," तो म्हणाला. शेवटचं माझ्याकडे बघून म्हणाला, असं बायकोचं मत आहे. मळून मुरवलेल्या कणकेचं पातेलं त्याच्या टेबलाखाली होतं. ते आम्हा दोघांनाही दिसलं नाही.

घरी आल्यावर पहिला प्रश्न जागेचा. आमच्या ओट्यावर शेगडी, मिक्सर, पाण्याचा फिल्टर आणि मसाल्याचा डबा एवढे बसले की लिंबू ठेवायलाही परवानगी काढावी लागते. त्यातून यंत्राचं झाकण उघडलं की ते ताटांच्या रॅकला आपटायचं. शेवटी ते वॉशिंग मशीनवर बसवलं, कारण मोठा प्लगही तिथेच होता. तो एकच असल्यामुळे कपडे किंवा पोळ्या, दोन्हीपैकी एक. "मशीन पिळायला लागलं की पोळी आपोआप पातळ होईल," असं मुलगी म्हणाली. मी तिला अभ्यासाला बसवलं.

पहिला गोळा मधोमध ठेवला आणि झाकण दाबलं. पोळी सरकून अर्धी बाहेर आली आणि यंत्र जीभ काढून आमच्याकडे बघत राहिलं. गोळा थोडा मागे, बिजागरीकडे ठेवायचा असतो, म्हणजे दाबल्यावर तो पुढे सरकून मध्यावर येतो. हे शहाणपण मला चौथ्या पोळीला सुचलं. मग कणीक घट्ट आहे असं लक्षात आलं. घट्ट कणीक दाबली की पुन्हा आखडते. इथे ती कोमट पाण्यात सैलसर भिजवून अर्धा तास झाकून ठेवावी लागते. सैल भिजवली, तर निम्मी माझ्या मनगटापर्यंत चढली. त्याच हातांनी मी मोबाइल उचलला. तेव्हापासून त्यावरून बोलणारा माणूस जरा कोंडा लागल्यासारखा ऐकू येतो.

झाकण दाबलं की 'चर्र' असा आवाज येऊन वाफ सुटते. ती सुटते न सुटते तोच हात उचलायचा. दोन सेकंद जास्त झाले की पाणी उडून जातं आणि हाती कडक चकती येते. तशा बावीस चकत्या झाल्या. शेजारच्या बेन विरजण मागायला आल्या, त्यांनी एक तोडून तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "आ खाखरा तो सरस छे!" आठवडाभरातलं हे एकमेव कौतुक.

आईने मात्र एकच मागणी लावून धरली, घडीची पोळी. आता लाटीला तेल लावायचं, पीठ भुरभुरायचं, घडी घालायची आणि ती हलक्या हाताने लाटत न्यायची, म्हणजे भाजताना पदर सुटतात. या यंत्राला हलका हात नाही. त्याला एकच हात आहे आणि तो लोखंडी आहे. घडी आत घातली तर सगळे पदर एकमेकांत चेपून, तळायची राहिलेली मठरी बाहेर आली. आई काही बोलली नाही. तिने पोळी आमटीत बुडवली आणि मऊ व्हायची वाट बघत जप सुरू केला.

मी यंत्रद्वेष्टा नाही. आमच्याकडे राइस कुकर आहे आणि तो मी कुणाला देणार नाही. तोशिबाने १९५५ साली पहिला ऑटोमॅटिक कुकर विकायला काढला, त्यामागची युक्ती साधी आहे. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या आसपास थांबतं, पाणी संपलं की वर चढतं, आणि तेवढ्यावर बटण पडतं. पाणी संपलं, एवढंच त्या बिचाऱ्याला कळावं लागतं. पोळीवाल्याला कणकेचा मूड, हवेतला दमटपणा आणि आमच्या आईचा स्वभाव, हे सगळं कळायला हवं.

सुमीत मिक्सरचंही तेच. परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे हात टेकायचा. घरचा तसाच बंद पडला, तेव्हा सत्यप्रकाश माथुर या इंजिनीअरने आपल्या मसाल्यांना पुरून उरेल असा मिक्सर बनवला. गोष्ट १९६३ सालची, आपल्या मुंबईतलीच. त्यांनी बंद पडलेली वस्तू बघून चालणारी बनवली. मी घरातलं उत्तम चालणारं लाटणं बंद पाडायला निघालो होतो.

(लोकलमध्ये विकतात तो दोरीचा चॉपर यात मोडत नाही. तो उत्तम आहे. तिसऱ्या कांद्याला दोरी आत राहते, पण तोवर विकणारा अंधेरीला उतरलेला असतो.)

पाचव्या आठवड्यात मावशी आल्या. वॉशिंग मशीनवरच्या प्रकाराकडे बघून पदर खोचत म्हणाल्या, "दादा, ह्ये काय?"

"पोळ्यांचं मशीन, मावशी."

"कणीक ह्येच मळतं?"

"नाही, ती आम्ही."

"गोळे?"

"आम्हीच."

"दाबतं कोण?"

"मीच दाबतो."

"आणि नंतर पुसतं?"

मी गप्प. मावशींनी झाकण उघडलं, कडेला वाळलेली कणीक नखाने खरवडली आणि बिजागरी बघितली. मग परात ओढून पीठ घेत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्या महिन्यापासून दोनशे वाढवून द्या."

घासाघीस करावी असं माझ्या मनातही आलं नाही. आतून आईचा आवाज आला, "अरे, तीनशे दे."