खुलासा : भिंतीवरचा बॉक्स छताला लटकवू नका

हिंगणा एमआयडीसीतल्या वर्कशॉपवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘छतावरून वायर सोडा, पत्र्याचा साधा सॉकेट बॉक्स लावा, आत गाठ मारा, झालं.’ झालं नाही. तो बॉक्स भिंतीवर पक्का बसवण्यासाठी असतो. लटकता बॉक्स दिवसभर हलतो, ठोकून पाडलेल्या भोकाची धार इन्सुलेशन कापत जाते. अर्थिंग नसेल तर अख्खा बॉक्सच करंट मारतो. गाठीनं हे थांबत नाही. रबराचा किंवा जाड प्लॅस्टिकचा, असली भोकं नसलेला, लटकवण्यासाठीचाच बॉक्स घ्या. वायर शिरते तिथे घट्ट ग्लँड (वायर आवळून धरणारा तुकडा) हवी, म्हणजे ओढ आतल्या स्क्रूंवर येत नाही. केबल लवचीक, ३ कोअरची, म्हणजे आत तीन तारा, तिसरी अर्थिंगची (२ कोअर स्वस्त पडते, माहीत आहे). सर्किटवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबीही (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) बसवाच.